उन्हाळी भुईमूग विरळ का उगवतो? फेब्रुवारीतल्या थंड जमिनीचं निदान आणि उपाय

संक्रांत सरली की दुपारचं ऊन टोचायला लागतं, आणि उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीची घाई सुरू होते. बियाणं पावतीचं, खत वेळेवर, पाणीही दिलेलं. तरी पंधरा दिवसांनी बांधावर उभं राहिलं की ओळीत हातभर रोपं आणि हातभर मोकळी माती. हे दर दोन-तीन वर्षांनी घडतं, आणि बोट पहिल्यांदा बियाण्याच्या पिशवीकडे जातं. कधी दोष खरंच पिशवीत असतो. पण जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेरलेल्या रानात बिघाड बहुतेक वेळा पाच सेंटिमीटर खोलीवरच्या मातीत झालेला असतो. दुपारच्या उन्हाकडे पाहून पेरणी ठरवली जाते, बी मात्र पहाटेच्या गारठ्यात पडून राहतं.

पाच सेंटिमीटर खाली काय चाललेलं असतं

नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सातारा आणि मराठवाड्याच्या पठारावर या दिवसांत आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असते. दुपारी पारा ३१-३२ अंशांवर जातो आणि पहाटे ११-१२ वर येतो. एकाच दिवसात वीस अंशांचा फरक. रात्री आभाळात ढगांचं पांघरूण नसल्याने जमिनीतली ऊब भराभर निघून जाते.

भुईमुगाच्या बियाला कोंब काढायला जमिनीत किमान १८ अंश सेल्सिअस लागतात आणि २५ ते ३० अंशांत ते जोमाने उगवतं. माती त्यापेक्षा थंड असली तरी बी पाणी पितं आणि फुगतं, पण कोंब पुढे सरकत नाही. फुगलेल्या बियातून साखर आणि इतर अन्नद्रव्यं भोवतीच्या मातीत झिरपतात. तिथे काळी बुरशी वाटच पाहत असते. चांगल्या जमिनीत सात-आठ दिवसांत वर येणारं बी थंड मातीत बारा-पंधरा दिवस अडकून पडलं, तर तेवढे दिवस बुरशीला मोकळं रान मिळतं.

भारी काळ्या जमिनीत हे जास्त होतं. काळा रंग ऊन शोषतो हे खरं, पण ओली काळी माती तापायला वेळ लागतो, कारण तिच्यातलं पाणीही तापावं लागतं. शिवाय पाणी वाफ होऊन जाताना ऊब घेऊन जातं. कोरड्यात पेरून वरून भरपूर पाणी सोडलं की रान गार पडतं आणि दोन-तीन दिवस गारच राहतं. हलक्या, मुरमाड रानात तीच पेरणी सुरळीत उगवते. शेजाऱ्याचा भुईमूग दाट आणि आपला विरळ, याचं उत्तर बऱ्याचदा एवढ्यातच असतं.

आधी उकरा, मग दोष द्या

पेरणीला दहा-बारा दिवस झाले आणि मोकळ्या जागा दिसू लागल्या की दुकानात जाण्याआधी रानात बसा. मोकळ्या जागांपैकी पाच ठिकाणी प्रत्येकी फूटभर ओळ खुरप्याने हळूच उकरा. कडेने आत जा, म्हणजे बी कापलं जाणार नाही. निघालेलं बी तळहातावर घ्या आणि नीट पाहा. बी काय दाखवतं त्यावरून पुढचं काम ठरतं.

बी टणक, सुरकुतलेलं, जसं पेरलं तसंच निघालं तर ओल पोचलेली नाही. ढेकळाळ रानात बियाभोवती पोकळी राहते आणि वर पाणी दिसत असूनही बी कोरडं राहतं. हलकं पाणी द्या, हे बी अजून उगवू शकतं.

बी फुगलेलं, पांढरं, घट्ट आहे आणि टोकाला जेमतेम कोंब डोकावतोय, तर ते निरोगी आहे, फक्त थंडीने थांबलंय. अशा वेळी सगळ्यात मोठी चूक म्हणजे "उगवत नाही" म्हणून पुन्हा पाणी भरणं. चार दिवस थांबा, रान तापू द्या.

बी बोटाने दाबल्यावर लिबलिबीत लागतं, वास येतो, आणि सालीवर काजळीसारखी काळी भुकटी आहे, तर ती काळ्या बुरशीची कूज आहे. भुकटी बोटाला लागते, हीच खूण. उगवून आलेल्या रोपांतही ती सापडते: दोन बीजपत्रांजवळ, जमिनीलगत खोड काळं पडतं आणि रोप दुपारी मान टाकतं. उपटलं की खोड तिथेच तुटतं.

कोंब निघालेला आहे, पण वर न येता वळसे घेऊन, जाड होऊन मातीखालीच अडकलाय, तर वरचा थर कडक झालाय. पाट पाणी जोरात सोडल्यावर वर बारीक मातीचा थर बसतो आणि दुपारच्या उन्हात दोन दिवसांत त्याची खपली होते. किंवा पेरणी खोल गेली आहे. पट्टीने मोजा. पाच सेंटिमीटर बरोबर, सात-आठ म्हणजे जास्त. रोटावेटरने भुसभुशीत केलेल्या रानात ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राचे फण आपोआप खोल बसतात. म्हणून पहिल्या दोन ओळींनंतर उतरून खोली मोजायची सवय ठेवा.

आणि बीच नाही, नुसती टरफलं किंवा भोक पडलेली अर्धी डाळ मिळाली तर वाणी (पैसा किडा), मुंग्या, खारी, कावळे किंवा मोर यांचं काम आहे. फेब्रुवारीत आजूबाजूला हरभरा आणि ज्वारीची काढणी होते, तेव्हा पाखरांचा मोर्चा नव्या पेरणीकडे वळतो. पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ राखण हवीच.

पाच ठिकाणी एकच उत्तर येईल असं नाही. सखल कोपऱ्यात कूज आणि चढावर कोरडं बी, असं एकाच रानात सापडतं. उपायही मग तुकड्यातुकड्याचा करावा लागतो.

आता काय वाचवता येईल

खपली असेल तर तुषार संच १५ ते २० मिनिटं चालवा. १२ बाय १२ मीटर अंतरावर तासाला १,८०० लिटर फेकणारे नोझल असतील, तर तासाला साडेबारा मिलिमीटर पाणी पडतं. वीस मिनिटांत चारेक मिलिमीटर. खपली मऊ व्हायला एवढं पुरतं आणि रान गारही पडत नाही. तुषार नसेल तर दाताळं हलक्या हाताने ओळीला आडवं फिरवा, एक-दोन सेंटिमीटरच. जोर लावला तर वाकलेले कोंब तुटतात.

पाणी द्यायचंच असेल तर सकाळी आठ-नऊला द्या आणि शक्यतो विहिरीचं किंवा बोअरचं द्या. खोल भूगर्भातलं पाणी थंडीतही कोमट असतं. पहाटे विहिरीच्या पाण्यात हात घातला की हे कळतं. शेततळ्याचं किंवा कालव्याचं पाणी रात्रभर उघड्यावर गार झालेलं असतं, ते पहाटे सोडलं तर आधीच थंड असलेली माती आणखी गारठते. वीज रात्रीचीच असेल, तर निदान उगवणीच्या या बारा दिवसांत दिवसपाळीचा आठवडा गाठून पाणी बसवा. नंतर रात्री दिलं तरी चालतं.

काळी बुरशी सापडली तर सडलेलं बी परत येत नाही. रोगट रोपं मुळासकट उपटून रानाबाहेर न्या, उरलेल्या ओळीत ट्रायकोडर्मा लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात रोपाच्या बुडाशी ओता आणि पाण्याची पाळी लांबवा.

नांगे, म्हणजे ओळीतल्या मोकळ्या जागा, भरायचे की मोडून पुन्हा पेरायचं, हा खरा कठीण निर्णय. ३० बाय १० सेंटिमीटरवर पेरलेल्या ओळीत मीटरला दहा रोपं अपेक्षित असतात. रानात तिरकं चालत दहा ठिकाणी मीटरभर ओळ मोजा आणि सरासरी काढा. सात किंवा जास्त आली तर काहीच करू नका. भुईमूग पसरून थोडी भरपाई करतो. पाच-सहा असतील तर नांगे भरा, पण उगवण दिसल्यापासून आठ-दहा दिवसांच्या आत. त्यासाठी बी रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवून, बीजप्रक्रिया करून (म्हणजे बुरशीनाशक चोळून), टोकणीने लावा. त्यानंतर लावलेलं रोप मोठ्या रोपांच्या सावलीत अडकतं आणि काढणीला त्याच्या शेंगा पोचट निघतात.

पाचाच्या खाली असेल आणि तारीख १५ फेब्रुवारीच्या आत असेल, तर मोडून पुन्हा पेरलेलं बरं. त्यानंतर मात्र आमचं मत ठाम आहे: भुईमूग पुन्हा पेरू नका. उन्हाळ्यात त्याला ११० ते १२० दिवस लागतात. फेब्रुवारीच्या शेवटी पेरला तर फुलोरा आणि आऱ्या, म्हणजे फुलातून जमिनीत शिरून शेंग धरणारे दांडे, एप्रिलच्या तडाख्यात येतात. ३५ अंशांच्या वर परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं वांझ जातात. वर काढणी जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ऐन पावसाच्या तोंडावर. एसबी-११ किंवा टीएजी-२४ सारख्या उपट्या (न पसरणाऱ्या, उभट) वाणांच्या बियाला सुप्तावस्था नसते. तयार शेंगा ओल्या जमिनीत राहिल्या की जागच्या जागी मोड येतात. अशा रानात उन्हाळी मूग किंवा चाऱ्याची मका घेतली तर निदान पाणी वाया जात नाही.

पुढच्या हंगामात हे टाळायचं कसं

पेरणीची तारीख कॅलेंडरवरून ठरवायची झाली तर १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी अशी महिनाभराची मुदत सांगितली जाते. त्या महिन्यातला नेमका दिवस थर्मामीटर सांगतो. डेअरीत दुधासाठी वापरतात तसा काचेचा किंवा सुईवाला डिजिटल थर्मामीटर घ्या. ताप मोजायचा घरातला चालत नाही, त्याचे आकडेच ३५ अंशांपासून सुरू होतात. सकाळी सातला रानात तीन जागा धरा: एक सखल, एक मधली, एक चढावरची. काडीने पाच सेंटिमीटरचं भोक पाडा, थर्मामीटर आत सरकवा, माती दाबा आणि तीन मिनिटं थांबून आकडा वाचा. सलग तीन सकाळी तिन्ही जागी १८ किंवा वर आला की पेरा. सखल जागीच कमी येत असेल तर तो तुकडा चार दिवस मागे ठेवा. थर्मामीटर नसेल तर ढोबळ खूण अशी: पाच सेंटिमीटरवरची माती पहाटेच्या हवेपेक्षा तीन-चार अंश उबदार असते, म्हणजे रात्रीचा पारा १४-१५ वर टिकायला लागला की घात, म्हणजे पेरणीची योग्य वेळ, आली.

दुसरी गोष्ट पाण्याचा क्रम. कोरड्यात पेरून वर पाणी सोडण्यापेक्षा आधी रान भिजवा, वाफसा (पेरणीजोगी ओल) येऊ द्या, मग पेरा. भारी जमिनीत वाफसा यायला सहा-सात दिवस जातात आणि तेवढ्यात रान तापूनही निघतं. वाफसा पाहायला दहा सेंटिमीटर खालची मूठभर माती घेऊन दाबा. गोळा होतो आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटून विखुरतो, तर वाफसा आहे. गोळा तसाच राहिला तर रान ओलं आहे, त्यात ट्रॅक्टर घातला तर ढेकळं उठतील आणि ती मार्चच्या उन्हात विटेसारखी होतील. गोळाच झाला नाही तर उशीर झालाय. पेरणीनंतर चार-पाच दिवसांनी आंबवणी, म्हणजे उगवणीसाठीचं पाणी, द्या, तीही हलकी.

रुंद वरंबा-सरी पद्धत इथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. १२० सेंटिमीटरवर सऱ्या पाडल्या की मध्ये ९० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच गादीवाफा मिळतो. गादीतलं जादा पाणी सरीत उतरतं, माती लवकर तापते, वर खपली धरत नाही. जानेवारीतच पेरायची निकड असेल तर गादीवर ७ मायक्रॉनची पारदर्शक फिल्म अंथरून भोकांत टोकण करतात. त्याखाली मातीचं तापमान काही अंशांनी वाढतं आणि थंडी असूनही उगवण साधते. फिल्म पारदर्शकच हवी. काळ्या फिल्मखाली तण मरतं, पण माती तेवढी तापत नाही.

बियाण्याचा हिशेब बरेच जण डोळे झाकून करतात. हेक्टरी १०० किलो, म्हणजे एकरी ४० किलो, हा आकडा लहान दाण्याच्या वाणांसाठी ठीक आहे. पण स्वतः मोजा. ३० बाय १० वर एकरात १ लाख ३३ हजार जागा असतात. १०० दाणे मोजून वजन करा आणि ग्रॅमच्या आकड्याला १.३३ ने गुणा, येईल ते एकरी किलो. दाणे ३० ग्रॅम भरले तर ४० किलो. ४० ग्रॅम भरले तर ५३ किलो लागतील, आणि तुम्ही ४० च पेरलं तर रान विरळ दिसणारच, त्यात थंडीचा काही दोष नाही. टीपीजी-४१ सारख्या टपोऱ्या वाणाला तर हेक्टरी १२५ ते १५० किलो बियाणं धरतात.

उगवणशक्तीही घरी तपासा. ओल्या गोणपाटात १०० दाणे ओळीने मांडून गुंडाळा, उबदार जागी ठेवा, आठव्या-दहाव्या दिवशी मोजा. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्क्यांची अट आहे. तुमचे ८५ आले तरी ते घरातल्या उबेत आले, थंड रानात कमीच येणार. शेंगा पेरणीच्या आठ-दहा दिवस आधीच फोडा आणि जमलं तर हाताने. यंत्राने फोडताना लाल साल खरचटते. सोललेला, चिरलेला दाणा थंड मातीत सर्वांत आधी सडतो.

बीजप्रक्रियेचा क्रम चुकवू नका. आधी कार्बोक्सिन आणि थायरम यांचं मिश्र बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम चोळा आणि सावलीत सुकवा. रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, पेरणीच्या तासभर आधी लावा. रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच बियाला लावू नका, पहिलं दुसऱ्याला मारतं. ज्या रानात दरवर्षी कूज दिसते तिथे ट्रायकोडर्मा मातीतून द्या: एकरी २ किलो, १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, आठवडाभर ओलसर सावलीत ठेवून.

खत एकरी १० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद. ते सिंगल सुपर फॉस्फेट १२५ किलो आणि युरिया २२ किलो यांतून दिलं तर सोबत गंधक आणि कॅल्शियम मिळतं, जे भुईमुगाला हवंच असतं. खत बियाला चिकटू देऊ नका. ओल कमी असलेल्या रानात युरिया बियाशेजारी पडला की कोंब जळतो आणि ते नुकसान थंडीच्या नावावर जमा होतं. जिप्सम एकरी ८० किलो पेरताना आणि ८० किलो आऱ्या सुटताना, चाळीसाव्या दिवसाच्या सुमारास.

उगवून आल्यावर शेंडा पिवळा पडतो

मागोमाग येणारी तक्रार ही. चुनखडीच्या जमिनीत, रान थंड आणि सतत ओलं असताना मुळांना लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. खालची जुनी पानं पिवळी पडली असतील तर तो नत्राचा प्रश्न आहे, गल्लत करू नका. लोहाच्या कमतरतेवर युरिया टाकला तर काहीच फरक पडत नाही. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबू सत्व, यांची फवारणी सकाळी करा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा. द्रावण ताजंच वापरा. तासाभरात ते तांबूस व्हायला लागलं तर लोह बसलं, मग फवारून उपयोग नाही. त्याच बरोबर पाण्याची एक पाळी लांबवा. बहुतेक रानांत अर्धा आजार तेवढ्यानेच जातो.

त्याच हवेत उभा असलेला गहू

भुईमुगाला फेब्रुवारीची रात्र नडते, गव्हाला दुपार. दाणा भरण्याच्या काळात गव्हाला २० ते २५ अंश हवे असतात. पारा ३० च्या वर टिकला की झाड लवकर पिकतं, दाण्यात पिष्ट साठण्याचे दिवस कमी होतात, आणि मळणीत चिमलेला, सुरकुतलेला दाणा पडतो. २०२२ चा मार्च आणि २०२३ चा फेब्रुवारी हे देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या १९०१ पासूनच्या नोंदींतले तेव्हाचे सर्वांत उष्ण मार्च आणि फेब्रुवारी ठरले. तेव्हापासून ही तक्रार उशिरा पेरलेल्या प्रत्येक गव्हाच्या रानात ऐकू येते.

गहू आत्ता उभा असेल तर हातात दोनच गोष्टी आहेत. पहिली पाणी. चीक भरताना, ६५ ते ७० दिवसांना, आणि दाणे भरताना, ८० ते ८५ दिवसांना ताण पडू देऊ नका. मार्चच्या मध्याला पठारावर दिवसाला सुमारे सहा मिलिमीटर पाणी उडून जातं. एकरात एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार हजार लिटर, म्हणजे रोजचे चोवीस हजार लिटर. जानेवारीचं पंधरा दिवसांचं अंतर मार्चमध्ये टिकत नाही ते यामुळे. पाणी हलकं आणि वारा पडल्यावर, संध्याकाळी द्या. ओंब्या जड झालेल्या असताना दुपारच्या वाऱ्यात रान भिजवलं की गहू लोळतो. तुषार असेल तर तापलेल्या दिवशी दुपारी अर्धा तास चालवून पिकातली हवा थंड करता येते, अर्थात वारा नसताना.

दुसरी गोष्ट पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:००:४५. पोटरी फुटताना (खोडातून ओंबी बाहेर पडताना) आणि फुलोऱ्यानंतर, दोन टक्के: २०० लिटर पाण्यात ४ किलो. याने पान थोडे दिवस जास्त हिरवं राहतं. ओंबी पिवळी पडल्यावर फवारलं तर पैसे वाया जातात. खरा इलाज मात्र पेरणीच्या तारखेत आहे. वेळेवर पेरलेला गहू फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याआधी बराचसा दाणा भरून घेतो. डिसेंबरपर्यंत पेरणी लांबणार हे आधीच दिसत असेल तर निफाडच्या संशोधन केंद्राचा एनआयएडब्ल्यू-३४ सारखा उशिराचा वाण घ्या.

कांदा

रब्बी कांद्यात या दिवसांत दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे डेंगळे. लावताना रोप जुनं, जाड झालेलं असेल आणि नंतर थंडीचा लांब पट्टा मिळून एकदम ऊब आली, की कांदा फुलाचा दांडा काढतो. दांडा मोडून कांदा सुधारत नाही, मधला भाग कडकच राहतो. असे कांदे वेगळे काढून लगेच विका, साठवणुकीच्या कांदाचाळीत घालू नका. दुसरी गोष्ट फुलकिडे. कोरडी, वाढती ऊब लागली की पानांच्या बेचक्यात ते झपाट्याने वाढतात. तुषारच्या पाण्याने ते काही प्रमाणात धुतले जातात, पण पानं रात्रभर ओली राहिली तर जांभळा करपा हा बुरशीचा रोग येतो. म्हणून तुषार सकाळीच चालवा. लागवडीच्या दोन महिन्यांनंतर नत्र पूर्ण बंद, काढणीच्या पंधरा-वीस दिवस आधी पाणी बंद, आणि निम्म्या माना पडल्या की काढणी.

आभाळ भरून आलं तर

फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमेकडून उत्तर भारतात येणाऱ्या पश्चिमी विक्षोभाची, म्हणजे वादळी हवामान प्रणालीची, थंड हवा वरच्या थरात येते आणि खाली समुद्राकडून दमट, तापलेली हवा येते. दोन्ही महाराष्ट्रावर भेटल्या की गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत झालेली गारपीट अजून कोणी विसरलेलं नाही. मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला येतो, वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप आहे. इशारा मिळाला की पाण्याची पाळी पुढे ढकला, कापलेला गहू-हरभरा एका जागी आणून ताडपत्रीने झाका आणि ताडपत्रीचं टोक वाऱ्याच्या दिशेला दगडांनी दाबा. तयार पीक एक-दोन दिवस आधी कापलं तरी हरकत नाही.

गारांनंतर भुईमुगाच्या रानाकडे पाहून घाबरायला होतं: पानं चाळणी झालेली, फांद्या मोडलेल्या. तरी नांगर घालू नका. पीक महिनाभराचं असेल आणि जमिनीलगतचं खोड शाबूत असेल तर ते पुन्हा फुटतं. साचलेलं पाणी त्याच दिवशी सऱ्या काढून बाहेर घालवा. जखमांतून बुरशी शिरू नये म्हणून पानं सुकल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटरला २५ ग्रॅम फवारा. वाफसा आल्यावर हलकी कोळपणी करून बसलेली माती मोकळी करा. सातव्या-आठव्या दिवशी खाली वाकून खोडाच्या बेचक्यांत पाहा. तिथे हिरवे ठिपके फुटलेले दिसले की पुढचं पाणी द्या.